माहितीच्या भिंतीवरची आई

"हा कागद काढा, मॅडम. नाहीतर दुरुस्त तरी करून घ्या."

केंद्रप्रमुख कदम सर आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीसमोर चष्मा कपाळावर चढवून उभे होते. केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या शाळांवर लक्ष ठेवणारा अधिकारी. हाही मूळचा शिक्षकच असतो, फक्त खडूऐवजी हातात फाईल आलेली असते. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती आणि पुढच्या आठवड्यात जिल्ह्याहून पथक येणार होतं. मुलांना माहितीपर मजकूर वाचून कळतो का, हे ते पथक पाहणार होतं. माहितीपर मजकूर म्हणजे जे गोष्ट नाही आणि कविताही नाही, ते सगळं. बेडकावरचा परिच्छेद, औषधाच्या बाटलीवरची सूचना, एसटीचं वेळापत्रक, सगळं त्यात येतं.

सरांचं बोट ज्या कागदावर होतं, तो काजलचा होता. काजल माझ्या तिसरीच्या वर्गातली मुलगी. कागदावर वर मोठ्या अक्षरात 'आई' असं लिहिलं होतं.

"हिची आई वारली ना पावसाळ्यात?" सरांनी आवाज खाली आणला. "आणि इथं लिहिलंय, आई शेवळं आणते. आणते कशी? माहितीच्या भिंतीवर चुकीची माहिती. पथकातलं कुणी विचारलं, हे तपासलं कोणी, तर काय सांगू?"

सर दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं व्याकरणाला धरून होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला. मी बघते म्हणाले. त्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मघाशी त्यांनी काजलला पुस्तक वाचायला दिलं होतं. ती शब्द बदलून वाचते, अंदाजपंचे वाचते, असं त्यांचं मत झालं होतं. पथक येईल त्या दिवशी तिला जरा मागे बसवा, असं सुचवून ते मोटरसायकलवरून पुढच्या शाळेकडे गेले.

काजल अंदाजपंचे वाचणारी मुलगी नव्हती. ती कशी वाचायची आणि त्यात मध्येच काय झालं, हे सांगायचं तर जूनपासून सांगायला हवं.

मी राहते कर्जतला. शाळा खालापूर तालुक्यात, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी, ठाकूर आदिवासींच्या एका वाडीत. दोन खोल्या, दोन शिक्षक, मी आणि हेडसर. स्कूटर खालच्या गावात लावायची आणि वर चालत जायचं. ह्या वाडीतल्या मुलांना गोष्टी भरपूर येतात. घरोघरी कुणीतरी सांगणारं असतं. त्यामुळे त्यांच्या हातात कुठलाही धडा दिला की ती तो गोष्ट म्हणूनच वाचतात. एकदा मी गांडुळाचा परिच्छेद वाचून दाखवला. गांडूळ ओलसर जमिनीत राहते, ते माती भुसभुशीत करते, वगैरे. वाचून झालं तरी सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. शेवटी एका मुलाने विचारलं की मग त्याचं काय झालं. म्हटलं, काही झालं नाही. तर म्हणे, मेलं का?

ह्यात हसण्यासारखं आहे, पण शिकवणाऱ्याची खरी अडचणही इथेच असते. गोष्ट वाचताना मूल 'पुढे काय झालं' हे शोधतं. माहिती वाचताना 'काय सांगितलंय' हे शोधावं लागतं. शोधायची वस्तूच वेगळी. हे मोठ्यांना समजावता येतं. आठ वर्षांच्या मुलांना काहीतरी खूण द्यावी लागते, हाताला धरता येईल अशी.

मी त्यांना क्रियापदाची खूण दिली. वाक्याचा शेवट बघा. होता, गेला, आला असं असेल तर ती गोष्ट. असतो, जातो, येतो असं असेल तर माहिती. आणि आणखी एक सांगितलं, की गोष्टीतली माणसं खरी असतीलच असं नाही, पण माहिती खरी असते. आज जाऊन बघा, उद्या जाऊन बघा, ती तशीच दिसते.

ही खूण चांगलीच चालली. आम्ही तिचा खेळ केला. मी वाक्य म्हणायचे आणि वर्ग ओरडायचा, 'गोष्ट!' किंवा 'माहिती!' ह्या खेळात काजलचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मी वाक्य संपवायच्या आत तिला शेवट कळायचा. खेळ नसतानाही ती माझं बोलणं पकडायची. मी सहज म्हटलं की पाऊस थांबला, तर ही म्हणणार, "बाई, गोष्ट सांगितलीत."

मग मी मुलांना प्रत्येकी एक कागद दिला. घरातली किंवा वाडीतली एक वस्तू घ्या आणि तिची माहिती लिहा. पुस्तकात गायीचा धडा होता. राहण्याचे ठिकाण, अन्न, आवाज, पिल्ले, उपयोग अशी त्यात छोटी शीर्षकं होती. तशीच शीर्षकं वापरा म्हटलं. कुणी कोंबडी घेतली, कुणी मोहाचं झाड, कुणी मोबाइलचा टॉवर. काजलने आई घेतली.

तो कागद मला अजून पाठ आहे.

'राहण्याचे ठिकाण – आई घरात राहते. दिवसा रानात राहते. अन्न – आई भाकरी खाते. आम्ही जेवल्यावर खाते. आवाज – आई हळू बोलते. बाबा डोंगरावरून येतात तेव्हा मोठा आवाज करते. उपयोग – आई शेवळं आणते. शेवळं घशाला खाजतात. आई त्यात काकडं घालते. मग खाजत नाहीत. आई वेणी घालते. पिल्ले – गायीच्या पिल्लाला वासरू म्हणतात. आईच्या पिल्लाला काजल म्हणतात.'

शेवळं ही आमच्याकडची पावसाळ्याच्या तोंडाला उगवणारी रानभाजी. काकडं नावाची आंबट रानफळं घातल्याशिवाय ती खाता येत नाही. काजलची आई सुमन ही भाजी घेऊन कर्जतच्या बाजारात बसायची. मी तिच्याकडूनच घ्यायचे. तिचा नवरा मंगळ माथेरानला घोड्यांच्या कामावर होता, अधूनमधून खाली यायचा. घरात मूल ते एकच.

कागद भिंतीवर लागला तेव्हा मी सुमनला शाळेत बोलावून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. काजलने बोट ठेवून सगळं वाचून दाखवलं. 'उपयोग' आला तशी सुमनने पदर तोंडावर घेतला आणि ती हसत सुटली. म्हणाली, "माजा उपेग लिवलाय व्हय गं?" मग शेजारी कुणीतरी सापाचा कागद लावला होता, तो तिने वाचायला लावला. त्यात होतं, धामण बिनविषारी असते, ती माणसाला त्रास देत नाही. ते ऐकून सुमन म्हणाली, "काजे, मी पन चावत नाय, तेवडं लिव."

काजलने तिथल्या तिथे खाली एक ओळ वाढवली. 'आई चावत नाही.' आम्ही तिघी हसलो. सुमन जाताना दारातून पुन्हा एकदा कागदाकडे बघून गेली.

लावणी ऐन भरात असताना तिला ताप आला. तो तिने अंगावर काढला. लावणी टाकून घरी कोण बसतं. डोळे पिवळे झाले तेव्हा टेंपोत घालून कर्जतला आणलं, तिथून पुढे पाठवलं, आणि तिकडेच ती गेली. मला दुसऱ्या दिवशी खालच्या गावात स्कूटर लावताना कळलं. मी तशीच तिच्या घरी गेले. काजल ओट्यावर बसली होती. केस पिंजारलेले होते. मला बघून ती उठून उभी राहिली, वर्गात राहते तशी. त्याचं मला जे वाटलं ते अजून जात नाही.

थोड्या दिवसांनी मंगळ तिला स्वतः शाळेत घेऊन आला. घरात नुसती बसून असते, इथं बरी राहील, म्हणाला. आता तिची चुलती तिला सांभाळत होती. काजल रडत नव्हती. डबा खायची, गणितं करायची. 'गोष्ट की माहिती' हा खेळ मात्र ती खेळेना. आणि मोठ्याने वाचताना काहीतरी विचित्र व्हायला लागलं.

पुस्तकात असायचं, 'एका गावात एक म्हातारी होती. ती लाकडं आणायला जंगलात गेली.' काजल वाचायची, 'एका गावात एक म्हातारी असते. ती लाकडं आणायला जंगलात जाते.' न अडखळता, एका सुरात. प्रत्येक होता-होतीचं ती असतो-असते करायची. मी थांबवून बोट ठेवलं की शब्दाकडे बघत गप्प बसायची. मला आधी वाटलं लक्ष नाही. मग वाटलं डोळे तपासून घ्यावेत. कदम सरांना अंदाजपंचे वाटलं ते हेच.

सर येऊन गेले त्या दिवशी मधल्या सुट्टीत, खिचडी खाऊन झाल्यावर, मी तिला माझ्याजवळ थांबवून घेतलं. बाकीची मुलं बाहेर होती. आईच्या कागदात थोडा बदल करायचा का, असं मी जमेल तेवढं सांभाळून विचारलं. 'आणते' आहे तिथे दुसरं काही लिहायचं का?

 ती ताटलीत उरलेलं शीत बोटाने गोल फिरवत राहिली. मग म्हणाली, "व्हती लिवायचं?"

मी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं.

"बाई, व्हती लिवलं का त्याची गोष्ट व्हते," ती म्हणाली. "गोष्टीतली मानसं खरी नसत्यात. तुमीच सांगितलंत."

 इतकी वर्षं शिकवलं, मुलांनी माझी वाक्यं माझ्याच तोंडावर कितीदा फेकली असतील, त्यांची गंमतच वाटली. ह्या वेळी मात्र गंमत वाटली नाही. पोरीने जगातले सगळे 'होती' पुसून टाकायला घेतले होते, कारण त्यातल्या एकाखाली तिची आई जाणार होती. राजा असतो, म्हातारी असते, म्हणजे आईही असते. माझ्या खुणेचा तिने इतका मन लावून उपयोग केला होता की त्यात मला कुठे बोट घालायला जागाच नव्हती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कागद आहे तसा राहू दे म्हटलं. ती खेळायला गेली नाही, भिंतीजवळ जाऊन बसली.

कागद काढणार नाही, हे माझं ठरलं. पण तो तसाच ठेवून तरी काय होणार होतं? पथकासमोर ती 'म्हातारी असते' वाचणार, तिला वाचता येत नाही असा शेरा बसणार, आणि वर्गातली सगळ्यात चांगली वाचणारी मुलगी कच्च्या मुलांच्या गटात जाणार. ते एक वेळ मी निस्तरलं असतं. त्याहून मोठी भीती दुसरीच होती. ती कागदावरच्या आईला धरून बसली होती. खऱ्या आईबद्दल ती कुणाशी एक शब्द बोलत नव्हती. बोलणार कशी? बोलायला गेलं की तोंडात पहिला शब्द 'होती' येतो.

त्या शनिवारी शाळा सकाळची होती. मंगळ आदल्या रात्री खाली आला होता, तो काजलला न्यायला आला. मुलं गेल्यावर तो वर्गात येऊन त्या भिंतीसमोर उभा राहिला. सुमनने घरी सांगितलं होतं म्हणे, पोरीने माझ्यावर लिहिलंय, एकदा जाऊन बघा. त्याचं बघायचं राहून गेलं होतं. त्यालाही वाचता येत नव्हतं. कुठला तो, असं त्याने विचारलं. काजलने कागद दाखवला, पण वाचला नाही. मग मीच वाचला.

तो मान खाली घालून ऐकत होता. शेवळांपाशी आले तसा तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला, "हां, आनायची. वाडीत पयली शेवळं तीच आनायची. काकडं नसली तं चुलीवर ठेवायची नाय. म्हनायची, पोरीचा घसा धरंल."

मी पुढचं वाचणार, तेवढ्यात काजलने माझा पदर ओढला. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर तो खेळातला भाव आला होता, शब्द पकडल्याचा.

"बाई, बाबा 'आनायची' म्हनले. ती गोष्ट का माहिती?"

मी त्या शब्दाचा विचारच केला नव्हता. आणायची, म्हणायची, ठेवायची. व्याकरणात ह्याला रीती भूतकाळ म्हणतात. पूर्वी नेहमी घडत असलेली गोष्ट सांगायला तो वापरतात. पुस्तकी भाषेत 'आणत असे', बोलताना 'आणायची'. तो माझ्या होता-गेलामध्ये बसत नव्हता आणि असतो-जातोमध्येही नाही. माझ्या खुणेत त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

"माहिती," मी म्हटलं. "पक्की माहिती."

"उद्या बगितलं तरी?"

खोटं बोलणं सोपं होतं. मंगळ माझ्याकडे बघत होता.

"उद्या बघितलं तर आई दिसणार नाही, काजल," मी म्हटलं. "पण ती शेवळं आणायची, हे उद्याही खरं असेल. तू माझ्याएवढी म्हातारी झालीस तरी खरंच असेल. ते कुणाला खोटं करता येत नाही."

मंगळने तोंड भिंतीकडे फिरवलं. काजलने दप्तर खांद्याला लावलं. बापाचं बोट धरून ती उतारावरून खाली गेली आणि मी कुलूप लावून पायरीवर बसून राहिले.

सोमवारी ती परिपाठाच्या आधीच आली. कागद काढून द्या म्हणाली. मी खोडरबर दिला, तर तो नको म्हणाली. तिने पेन्सिल घेतली आणि एकेका शब्दावर आडवी रेघ मारून वर नवीन शब्द लिहायला सुरुवात केली. राहते, वर राहायची. खाते, वर खायची. आणते, आणायची. मी माझ्या खुर्चीत हजेरी मांडायचं नाटक करत होते. खालचे शब्द रेघेतून दिसत होते आणि तिला ते चालत होतं, ह्याचं मला बरं वाटलं.

'आई चावत नाही' इथे ती थांबली. विचार करून तिने लिहिलं आणि हळूच वाचलं.

"आई चावायची नाय."

वाचलं आणि तिला हसू आलं. आईसारखाच तिने हात तोंडावर घेतला. हसता हसता खांदे हलायला लागले आणि मला कळलं की आता ते हसू राहिलेलं नाही. मी उठून तिला पोटाशी धरलं. आई गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती, आणि रडताना एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, "माजी आई व्हती, बाई. माजी आई व्हती." बाहेर परिपाठाला मुलं रांगा करत होती. हेडसर दारात येऊन बघून गेले आणि प्रार्थना त्यांनीच घेतली. मला स्वतःला आवरायला तिच्याइतकाच वेळ लागला.

ती शांत झाली, फ्रॉकने नाक पुसलं आणि पुन्हा कागद पुढे ओढला. एकच ओळ उरली होती. आईच्या पिल्लाला काजल म्हणतात.

"हे पन बदलायचं? म्हनायचे?"

"तुला काय म्हणतात?"

"काजल."

"आजही?"

तिने मान हलवली.

"मग ते तसंच राहू दे."

तिने ती ओळ तशीच ठेवली आणि कागद स्वतः भिंतीवर लावला.

पथक आलं, बरोबर कदम सरही होते. पथकात एक तरुण बाई होत्या. त्यांनी भिंत नीट वाचली. 'आई'पाशी थांबून त्यांनी विचारलं, इतकी खाडाखोड आहे, पुन्हा स्वच्छ का नाही लिहून घेतलं? मी काही सांगायच्या आत कदम सर पुढे झाले. "राहू द्या, मॅडम," ते म्हणाले. "तो कागद तपासलेला आहे." त्यांनी परत कधी त्याचा विषय काढला नाही.

मग त्या बाईंनी काजलला उठवून पुस्तक दिलं. काजल पहिल्याच रांगेत होती. तिने वाचलं, "एका गावात एक म्हातारी होती." स्वच्छ, मोठ्या आवाजात, एकही शब्द न बदलता. पुढचं पानही तसंच. शेरा उत्तम मिळाला. शिक्षक म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला तो झाला नाही. तिच्या तोंडून तो 'होती' इतका सहज ऐकला आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने व्हरांड्यात गेले.

'गोष्ट की माहिती' हा खेळ मी अजून घेते. आता त्यात तिसरी आरोळी आहे. आणायची, म्हणायची असं वाक्य आलं की वर्ग ओरडतो, 'खरं होतं!' अभ्यासक्रमात रीती भूतकाळ बऱ्याच वरच्या इयत्तेत येतो. मी तो तिसरीतच उरकून घेते. कुणाला कधी लागेल, सांगता येत नाही.